सात नंबरचा गहू

जानेवारीत एखादा दिवस असा उजाडतो की थंडीही असते आणि आभाळही आलेलं असतं. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक अशा दिवशी कानटोपी घालावी की छत्री घ्यावी, यावर जिन्यात उभं राहून चर्चा करतात आणि शेवटी फिरायला जातच नाहीत. मी सरळ गॅलरीत जाते. चष्मा सावरून शेवंतीच्या कुंडीवर वाकते. असतोच तो. कोवळ्या शेंड्यावर, कळीच्या देठाशी, मोहरीहून बारीक काळे ठिपके एकमेकांना खेटून बसलेले. खालच्या पानाला बोट लावलं की चिकट लागतं, आणि कुंडीच्या काठावरून मुंग्यांची लगबग चाललेली असते. मावा आलेला असतो. पन्नास वर्षं होत आली, पण या बाबतीत त्याची वेळ कधी चुकलेली मी पाहिली नाही.

परवा सून मागून डोकावली. म्हणाली, "आई, याच्यावर स्प्रे मिळतो. ऑरगॅनिक. मी ऑर्डर करते, दोन दिवसांत येईल." मी म्हटलं, "कर." ती गेल्यावर वाटीत पाणी घेतलं, जुन्या सुती ओढणीचा तुकडा भिजवला आणि एकेक शेंडा चिमटीत धरून पुसायला बसले. सुनेला वाटतं, हा म्हातारपणीचा विरंगुळा आहे. सगळं सांगत बसले तर तिला ऑफिसला उशीर व्हायचा.

आमच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या पुढे एक इमारत आहे. खाली केकचं दुकान, वर जिम. सकाळी तिथे ट्रेडमिलवर मुलंमुली काचेकडे तोंड करून पळत असतात आणि कुठंच पोचत नाहीत. त्या जागी मी एक अख्खा हिवाळा उकिडवी बसून काढलाय. तेव्हा इथे रस्ता नव्हता. वरच्या अंगाला कॅनॉल वाहत होता, आणि कॅनॉलच्या खाली गहू होता. गव्हाच्या पलीकडे पुन्हा गहू, मग थोडा हरभरा, मग बाभळी. पुणं लकडी पुलाच्या अलीकडेच संपतं, असं आमच्या नारायण पेठेत तेव्हा ठाम मत होतं.

मी नारायण पेठेतली. आई मी शाळेत असतानाच गेली. घरी वडील आणि आत्या. वडील सरकारी कचेरीत कारकून, आणि आत्या म्हणजे आमच्या घरची कचेरी. मी शेतकीला गेले आणि पुढे एम.एस्सी.ला कीटकशास्त्र घेतलं, तेव्हा आत्या म्हणाली, "घरात झुरळ दिसलं तर पाटावर चढून उभी राहते, आणि हिला किड्यांची डिग्री." वडिलांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "लग्नाच्या यादीत हे शिक्षण म्हणून लिहायचं की आजार म्हणून?" पण फी त्यांनीच भरली. सायकलही त्यांनीच दुरुस्त करून आणली, आणि थंडी वाढल्यावर स्वतःचा मफलर न बोलता माझ्या हँडलला बांधून ठेवला. आमच्याकडे माया अशी टोमण्याच्या पाठीमागून येत असे.

मावा घरच्यांना समजावून सांगताना माझी पंचाईत व्हायची. त्याच्या थंडीतल्या वसाहतीत सगळ्या माद्याच. नराचं नाव नाही. अंडीबिंडी घालायची नाहीत, थेट पिल्लं द्यायची, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं आधीच तयार. हे ऐकून आत्यानं हातातली वाटी खाली ठेवली. म्हणाली, "म्हणजे सासरचा जाच नाही. मग वाढणारच."

माझा प्रयोग तसा साधा होता. गव्हाचे दहा वाण. त्यांना नावं नव्हती, आकडे होते, लाकडी खुंट्यांवर तेलरंगानं लिहिलेले. वावराचे दोन भाग केलेले, आणि प्रत्येक भागात प्रत्येक वाणाचे तीन-तीन वाफे, विखरून. एका भागात मावा दिसला की औषध फवारायचं. दुसऱ्या भागात काही झालं तरी फवारायचं नाही. मावा येऊ द्यायचा, वाढू द्यायचा, आणि दर आठवड्याला कोणत्या वाणावर किती बसलाय ते भिंगातून मोजून वहीत लिहायचं. ज्या वाणावर तो कमी बसेल, किंवा बसूनही ज्याचा दाणा भरेल, तो वाण आपल्या कामाचा. हे सगळं शिकवणारे आमचे गद्रे सर म्हणायचे, "औषध काय, कोणीही मारतं. औषध न मारता कोण उभं राहतं, ते बघायला आपण इथे जमलोय."

सर बारीक अंगाचे, उंच, पायजम्याला सायकलची क्लिप लावलेले. सगळ्यांना 'आपण' म्हणत. विद्यार्थ्यांना, शिपायाला, बहुतेक माव्यालासुद्धा. ते मंडईत गेले की भाजीवाल्या सावध होत. सर कोबी उचलत, वरची पानं मागे करून खिशातल्या भिंगातून आत बघत, आणि किडका कोबी मिळाला की आनंदानं पिशवीत घालत. एकदा एका बाईनं त्यांच्या हातातून गड्डा काढून घेतला होता. म्हणाली, "घ्यायचा तर चांगला घ्या, माझं नाव खराब करू नका." सरांनी हा प्रसंग वर्गात आम्हाला फार गंभीरपणे सांगितला होता.

ते त्यांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष. जूनमध्ये निवृत्त होणार. आणि माझ्या दहा वाणांतला सात नंबर हा त्यांचा होता. कैक वर्षांपूर्वी, मावा फार आला होता अशा एका हंगामात, कुणाच्या तरी वावरात सगळा गहू काळा पडलेला असताना पाच-सहा ओंब्या त्यांना टपोऱ्या भरलेल्या दिसल्या. त्या त्यांनी रुमालात बांधून आणल्या. बिस्किटाच्या डब्यात बी ठेवलं, दर वर्षी घराच्या मागच्या दोन वाफ्यांत पेरलं, पुन्हा डब्यात ठेवलं. असा तो डबा वर्षानुवर्षं जपल्यावर सात नंबर रीतसर प्रयोगात उतरला, तो माझ्या हातात. या हंगामात त्यानं माव्यापुढे टिकून दाखवलं तर उन्हाळ्यातल्या बैठकीत सर त्याची शिफारस करणार होते. नाही तर ते रिकाम्या हातानं घरी जाणार होते. सरांनी हे मला कधी सांगितलं नाही. पण खुंट्या रोवताना सातच्या खुंटीची माती त्यांनी स्वतः दाबली, तेव्हा मला कळलं.

जमीन कॉलेजनं एका शेतकरी कुटुंबाकडून हंगामापुरती घेतली होती. बांधापलीकडे त्यांचा स्वतःचा गहू होता. मालक तुटक बोलायचे, पण त्यांच्या बायको, यमुनाबाई, रोज वावरात असत. नऊवारी घट्ट खोचलेली, डोक्यावर फडकं, आणि बोलणं स्पष्ट. फवारणीच्या दिवशी मी पाठीवर पंप घेतला आणि सरांनी मूठभर माती वर उडवून वारा कुठून आहे ते बघितलं, तेव्हा त्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. औषधाचा तो उग्र, सडक्या लसणासारखा वास आजही कुठे आला की माझ्या खांद्यावर पंपाचा पट्टा रुततो. एक बाजू फवारून झाली. मी पंप उतरवला.

"आन् ही बाजू?" यमुनाबाईंनी विचारलं.

"हिच्यावर मारायचं नाही."

"का? ही सवतीची हाय का?"

मी समजावून सांगितलं. मावा किती येतो ते बघायचंय, लिहून ठेवायचंय, म्हणून येऊ द्यायचाय. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी त्ये मरंस्तवर बगत बसायचं आन् लिवायचं."

"हो."

"लई शिकल्याव असं व्हतं व्हय?" असं म्हणून त्या आपल्या गव्हाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी फवारलेल्या बाजूचा मावा मरून गळाला होता. त्याच्याबरोबर तांबड्या पाठीचे ढालकिडेही उलटे पडले होते, जे बिचारे मावा खाऊन आमचंच काम करत होते. यमुनाबाईंनी चार-पाच तळहातावर घेऊन सरांना दाखवले. सर म्हणाले, "म्हणून तर वहिनी, हातापायांच्या बोटांवर मोजता येईल इतका मावा असेल तोवर पंपाला हात लावू नये." यमुनाबाईंनी मान हलवली. एवढं एक त्यांना पटलं.

न फवारलेल्या बाजूत मी प्रत्येक वाफ्यात पाच झाडं निवडली. दर आठवड्याला त्याच झाडांवरचा मावा मोजायचा, म्हणजे वाढला की घटला ते कळतं. झाडं चुकू नयेत म्हणून आत्याच्या देवाच्या कपाटातली लाल दोऱ्याची गुंडी आणली आणि पाचही झाडांच्या बुंध्याशी दोरा बांधला. दिसायला फार छान दिसत होतं. हिरव्या गव्हात ठिकठिकाणी लाल गाठ. आपण अगदी शास्त्रशुद्ध काम करतोय, असं मला वाटलं.

मग सुरू झाले ते दिवस, ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. सकाळी आठाच्या आत पोचायचं. पुलावर धुकं, बोटं हँडलला चिकटलेली, नाकाचा शेंडा आपला आहे की नाही याची शंका. वावरात शिरलं की परकर-साडी गुडघ्यापर्यंत दवानं भिजायची. भिंग, पेन्सिल, वही. ओंबी हळूच वाकवायची आणि मोजायचं. मान मोडून यायची, पण भिंगाखालचं ते गाव बघताना वेळ कसा जाई कळत नसे. हिरव्या पारदर्शक अंगाच्या आया, त्यांच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी पोरं, मधूनच एखादी पंख फुटलेली, दुसरीकडे बिऱ्हाड करायला निघालेली. खरं सांगते, मला त्यांचा राग कधी आला नाही. मोजता मोजता माणसाला कशाचीही सवय होते.

बारा वाजता बांधावर डबा उघडायचा. माझी पोळीभाजी बघून यमुनाबाई म्हणायच्या, "एवढं तर आमच्या चिमणीला लागतं." मग त्यांच्या फडक्यातली भाकरी, भोगीची भाजी, वांगं. संक्रांतीला आत्यानं त्यांच्यासाठी गुळाच्या पोळ्या दिल्या, त्यांनी आत्यासाठी वालाच्या शेंगा. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण निरोप असे जायचे की ऐकणाऱ्याला त्या जावा-जावा वाटाव्यात. त्या बांधावर बसून मी यमुनाबाईंना सगळं सांगायचे. तशीच एका दुपारी सरांची गोष्ट सांगितली. रुमालातल्या ओंब्या, बिस्किटाचा डबा, शेवटचं वर्ष. म्हटलं, "सातावर मावा चढला की संपलं. मग सर असेच घरी जातील."

यमुनाबाईंनी भाकरीचं फडकं बांधून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "कुमुदताई, तुमचा त्यो सात कसा लिवत्यात?"

मी काडीनं मातीत सात काढला. त्यांनी तो बघितला, मग शेजारी बोटानं स्वतः काढला. पहिला उलटा आला. पुसून पुन्हा काढला. मला कौतुक वाटलं. या वयात अक्षरओळखीची हौस म्हणून मी पुढचा आठही काढून दाखवायला लागले, तर त्या उठल्याच. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. एवढाच पुरं हाय."

त्यानंतरच्या आठवड्यात सात नंबरवरचा मावा घटला. पुढच्या आठवड्यात आणखी घटला. बाकी नऊ वाण चिकट्यानं चमकत होते, खालची पानं काजळी धरल्यासारखी काळी होत चालली होती, आणि माझ्या वहीत सातच्या पुढे एकेरी आकडे येत होते. तिसऱ्या आठवड्यात सर स्वतः वही बघायला आले. त्यांनी तो रकाना वरून खाली वाचला, खालून वर वाचला. चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "आपण चहा घेणार का?" कॅनॉलपाशी एक चहाची टपरी होती. सरांनी दुसरा कपसुद्धा घेतला. त्यांना ओळखणाऱ्यांना यावरून त्यांचा आनंद केवढा होता ते कळेल.

चौथ्या आठवड्याची मोजणी. असंच आजच्यासारखं आभाळ आलं होतं. सातच्या एका वाफ्यात एका झाडाचा दोरा सुटून पडला होता. तो बांधायला मी बुंधा चाचपडत होते, तर हात शेजारच्या झाडाला लागला आणि चिकट झाला. मी ओंबी जवळ ओढली. कुसळांपर्यंत मावा. त्याच्या पलीकडची ओंबी बघितली, तीही तशीच. सगळा वाफा तसाच, आणि सातचे बाकीचे दोन वाफेही तसेच. फक्त लाल दोऱ्याची झाडं तेवढी स्वच्छ. तीन आठवडे मी सातच्या वाफ्यांत येत होते, दोरा शोधत होते, त्या झाडाला भिंग लावत होते आणि निघून जात होते. शेजारच्या झाडाकडे मान वळवून बघायचं मला सुचलं नव्हतं. मी स्वच्छ ओंबी नाकाशी नेली. रिठ्याचा वास आला.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच गेले. आत्याला सांगितलं, सरांनी लवकर बोलावलंय. सायकल कॅनॉलवर टेकवली आणि वरूनच बघितलं. खाली दाट धुकं होतं, त्यात डोक्यावरचं फडकं ओळखू आलं. यमुनाबाईंच्या एका हातात तांब्या, दुसऱ्यात जुन्या लुगड्याचा तुकडा. त्या खुंटीपाशी जात, वाकून आकड्यावरून बोट फिरवत, मान हलवून पुढच्या खुंटीकडे जात. सात सापडला की खाली बसत. लाल दोरा बघत. मग ओंबी डाव्या हातावर घेऊन तो ओला तुकडा खालून वर, हलक्या हातानं, एकेका दाण्याच्या कडेनं फिरवत. कुसळ मोडू नये म्हणून श्वाससुद्धा धरत असतील. आई मला शाळेत जाण्याआधी पदरानं तोंड पुसायची, ते मला आठवलं. आई गेल्यापासून ते मी स्वतःला आठवू दिलं नव्हतं. मी तिथे कॅनॉलच्या कठड्यावर बसून रडले. मग सायकल वळवली आणि आठ वाजता, रोजच्या वेळेला, पुन्हा आले.

चार दिवस मी गप्प राहिले. हे मला लपवायचं नाही. वही माझ्या हातात होती. आकडे खोटे नव्हते, मी मोजले तेवढेच लिहिले होते. सर शिफारशीचा मसुदा लिहायला लागले होते, आणि त्यांच्या मिसेसनी, म्हणे, बिस्किटाचा डबा घासून फळीवर वर ठेवला होता. मी नाही बोलले तर कोणालाच कधी कळणार नव्हतं. आणि बोलले तर सरांचा सात गेला, यमुनाबाईंना बोल लागला, तोही माझ्यामुळे. जेवताना वडील म्हणाले, "माव्यानं हिची भूकपण खाल्लेली दिसते." पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी डबा हातात देताना एवढंच विचारलं, "काही बिनसलंय का?" मी नाही म्हटलं आणि तडक सरांच्या खोलीत गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर काचेच्या नळ्यांत किडे बुडवून ठेवलेले असत, त्यातली एक नळी ते बोटांत फिरवत राहिले. मग विचारलं, "दोरा कोणी बांधला?"

"मी."

"लाल?"

"हो."

"मग त्यांना दिसणारच." त्यांनी नळी जागेवर ठेवली. "मोजायचं झाड दुसऱ्या कोणाच्या नजरेत भरता कामा नये, आणि आपली नजर मात्र त्या झाडाच्या बाहेर फिरली पाहिजे. हे मी प्रत्येक वर्षी पहिल्या तासाला सांगतो. यंदा सांगायचं राहिलं. सातच्या नादात राहिलं."

मी म्हटलं, "सर, यमुनाबाईंना काही बोलू नका."

"मी काय बोलणार? आजवर माझ्या कामासाठी इतकं लवकर कोणी उठलेलं नाही." त्यांनी ड्रॉवरमधून फूटपट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. "सातच्या रकान्यावर रेघ मारा. पहिल्या आठवड्यापासून. खाली लिहा, नोंदी ग्राह्य नाहीत. आणि फूटपट्टीनं मारा. रागानं मारल्यासारखी दिसू नये."

मी रेघ मारली. सर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांचे कान थंडीत नेहमी लाल व्हायचे, तसे झाले होते.

दुपारी ते वावरात आले. यमुनाबाईंना बांधावर बसवून, स्वतःही बसून, त्यांनी सावकाश सांगितलं. यमुनाबाईंचा चेहरा उतरत गेला. "म्हंजी म्या वाटुळं केलं तुमचं, सायेब."

"नाही वहिनी. आपण मावा काढलात, तो मात्र झकास काढलात. कॉलेजात असं कोणाला येत नाही. फक्त ते आम्हाला वहीत घेता येणार नाही."

त्या उठून गेल्या. पुढचे दोन-तीन आठवडे त्या आमच्या बाजूला फिरकल्या नाहीत. आपल्या गव्हात वाकून काम करायच्या, मी हाक मारली तर "व्हय" म्हणायच्या, पण डबा खायला यायच्या नाहीत. मी एकटी बांधावर बसून पोळीभाजी खायची आणि ती खरंच चिमणीला पुरेल एवढीच वाटायची. लाल दोऱ्याच्या झाडांवरही आता शेजारून मावा चढला. मी सगळे दोरे कात्रीनं कापून टाकले.

होळी झाली आणि कापणी आली. वाफेवार कापणी, वाफेवार पेंढ्या, वाफेवार मळणी, आणि मग दाणे तोलायचे. सात नंबरच्या मोजणीवर रेघ होती, पण वजनाला कोणी हात लावला नव्हता. पुसलेली झाडं पंधरा, ती सरांनी आधीच वेगळी काढायला लावली होती. बाकी सगळे वाफे माव्यानं भरलेलेच होते, ते मी डोळ्यांनी बघितले होते. न फवारलेल्या बाजूचे बाकीचे वाण तोलले, तर दाणा सुरकुतलेला, फवारलेल्या बाजूच्या मानानं हलका. मग सात आला. सरांनी काटा स्वतः धरला. फवारलेला सात आणि न फवारलेला सात यांत जेमतेम मुठीचा फरक. त्यांनी पुन्हा तोललं. मग मला तोलायला लावलं.

"हा कोणाला येऊ नको म्हणत नाही," सर म्हणाले. "येऊ देतो, अंगावर वागवतो, आणि आपला दाणा भरतो. मी इतकी वर्षं याच्यावर मावा बसत नाही असं समजत होतो. मला याची जात कळलीच नव्हती." त्यांनी चार दाणे तोंडात टाकले आणि चावत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला चुटपुट नको. मोजणी रद्द झाल्यावर नुसत्या एका हंगामाच्या वजनावर शिफारस होत नाही. सर जूनमध्ये निवृत्त झाले. माझ्या प्रबंधात सातच्या रकान्यावर ती सरळ रेघ छापून आली. तोंडी परीक्षेला आलेल्या परगावच्या परीक्षकांनी ही रेघ कसली म्हणून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं, आणि त्यांनी पुढचा प्रश्न एवढाच केला की त्या बाई आता बोलतात का तुमच्याशी. पुढच्या दोन हंगामांत मीच सात पुन्हा लावला. माव्याला तो खरोखर पुरून उरला. तिसऱ्या वर्षी तांबेरा आला, आणि त्या रोगापुढे मात्र सात आठवडाभरही टिकला नाही. त्याला नाव मिळालं नाही. सरांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "चालायचंच. बसा, चहा घ्या." डबा पुन्हा खालच्या फळीवर आला होता आणि त्यात आता खरंच बिस्किटं होती.

पण ते पुढचं. त्या दिवशी, काटा बाजूला ठेवल्यावर, मी सातचे दाणे मूठभर घेतले आणि बांध ओलांडून पळत यमुनाबाईंच्या खळ्यावर गेले. त्या सुपानं पाखडत होत्या. मी धापा टाकत सांगितलं, की सात जिंकला, मावा अंगावर असताना जिंकला, सर खूश आहेत, तुमच्यामुळे काही बिघडलं नाही. सूप खाली ठेवून त्यांनी दाणे माझ्या मुठीतून आपल्या ओंजळीत घेतले. उन्हात धरून बघितले. कितीतरी दिवसांनी त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी त्या भरात म्हणून गेले, "अहो, तुम्ही उगाच पहाटेच्या थंडीत बसलात. त्याला पुसायची गरजच नव्हती."

यमुनाबाईंनी दाणे पदरात बांधले. गाठ नीट मारली.

"गरज नसंल," त्या म्हणाल्या. "पन सोसतंय म्हून कुनी पुसायचंच न्हाई व्हय त्येला?"

सुनेचा स्प्रे आज आला. तिनं खोका उघडून बाटली माझ्या हातात दिली, वरची सूचना वाचून दाखवली आणि मग माझ्या मांडीवरची रिठ्याच्या पाण्याची वाटी बघून म्हणाली, "आई, आता याची काय गरज?" मी म्हटलं, "काही नाही." तिची ऑफिसची गाडी खाली येऊन थांबली होती, तरी ती जरा वेळ तिथेच उभी राहिली. मी ओला तुकडा पिळला आणि पुढचा शेंडा हातात घेतला.